उथळ वाटी

फरशी बसवणाऱ्याची कंबर दुखते, यात बातमी काहीच नाही. म्हणून मिस्त्रीची दुखायला लागली तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही, आणि सगळ्यात कमी लक्ष त्याने स्वतः दिलं. या धंद्यात दिवस उकिडवा जातो. थापीने माल पसरायचा, फरशी टेकवायची, रबरी हातोडीने कोपरे ठोकायचे, पाणसळीतला बुडबुडा मधोमध आलाय का ते बघायचं आणि बसल्या बसल्या वीतभर मागे सरकायचं. समोरच्या भिंतीपासून सुरुवात केलेला माणूस संध्याकाळी पाठमोरा दारातून बाहेर पडतो. "आम्ही मागे सरकत सरकत पुढे आलेली माणसं," असं तो नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि गिऱ्हाईक हसलं की त्याला बरं वाटायचं.

पळणं त्याच्या आयुष्यात आलं ते मुलीमुळे. ती शाळेत असताना लांबच्या शर्यतीसाठी तिची निवड झाली आणि खेळाच्या बाईंनी रोज पहाटे सराव करायला सांगितलं. पळण्यासारखा रस्ता एकच, कालव्याकाठचा, आणि पहाटे तिथे चिटपाखरू नसायचं. "एकटीला पाठवायची नाही," बायको म्हणाली. ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची, आणि तिने एकदा बेतलेली गोष्ट पुन्हा उसवायची सोय नसायची. तेव्हा राखणदार म्हणून बाप निघाला, कामावरच्या चपला घालून. अर्ध्या वाटेत त्याच्या छातीचा भाता झाला आणि तो पुलाच्या कठड्यावर बसला. पोरगी पुढे जाऊन, वळून परत आली.

"बाबा, राखण नक्की कोण कोणाची करतंय?"

महिन्याभरात त्याने बूट घेतले. वर्षभरात तो तिच्या बरोबरीने पळायला लागला. दिवसभर जमिनीला नाक लावून बसणाऱ्या माणसाला ताठ उभं राहून, समोर बघत जाण्यात काय सुख मिळतं, ते त्याला कोणाला सांगता आलं नसतं. सांगायची गरजही पडली नाही. ज्या दिवशी पळणं चुके त्या दिवशी तो घरात इतका किरकिर करी की बायकोच त्याचे बूट दाराशी आणून ठेवी.

कालव्यावर पळणाऱ्यांचा एक गट होता. गटाचे म्होरके होते निवृत्त चित्रकला शिक्षक, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांची नजर चित्रकाराची. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही पळत नाही, तुम्ही झुलता." खरंच होतं ते. पाय टेकला की त्याची कंबर एका बाजूला खाली जायची, दुसरा टेकला की दुसऱ्या बाजूला. गटाने त्याचं नाव ठेवलं बदक. आणि मुलगी अगदी तशीच झुलायची, म्हणून ती पिल्लू.

तो चिडला नाही. उलट त्याला हे नाव आवडलं. पोरगी सगळी आईवर गेली होती. नाक आईचं, रंग आईचा, राग तर शंभर टक्के आईचा. बापाचं म्हणून तिच्यात दाखवण्यासारखं काय, तर ही चाल. शर्यतीत लांबून दोघं येताना दिसली की लोक म्हणायचे, आली बघा बदकांची जोडी, आणि त्याची छाती फुगायची.

अशी बरीच वर्षं गेली. अर्धी मॅरेथॉन झाली, पूर्ण झाली. मुलगी शिकली, चष्म्याच्या दुकानात लागली, गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा बसवून त्यांना आरशात बघायला लावू लागली. पहाटेचं पळणं मात्र सुटलं नाही. दोघांनी मिळून धरणाच्या पाण्याभोवतीची पन्नास किलोमीटरची शर्यत करायची ठरवली. आणि त्याच सुमारास मिस्त्रीचं दुखणं कंबरेतून खाली उतरलं.

आधी ते कंबरेच्या खाली, पाठ संपते तिथे सुईसारखं असायचं. उकिडव्यातून उठताना टोचायचं आणि जायचं. मग ते ढुंगणात शिरलं, तिथून पुढे जांघेत आलं आणि तिथेच बिऱ्हाड करून राहिलं. गाडीत बसताना पाय हाताने उचलून आत घ्यावा लागे. जिना तो आडवा होऊन उतरायला लागला, खेकड्यासारखा. मोजे घालणं हा एक कार्यक्रमच झाला. वाकवत नव्हतं, म्हणून त्याने जाड तारेचा एक आकडा केला, त्यात मोजा अडकवायचा आणि पाय आत सोडायचा. पहिल्यांदा ते बघून बायको म्हणाली, "एवढी कारागिरी करून पळायलाच जाणार ना? बसा की घरी गप."

"पळालो की मोकळं होतं," तो म्हणाला.

हे अर्धं खरं होतं. पहिले दोन-तीन किलोमीटर लंगडत गेले की सांधा गरम व्हायचा आणि दुखणं मागे पडायचं. ते घरी वाट बघत बसलेलं असायचं, एवढंच.

शेवटी मुलीने त्याला धरून एका व्यायामोपचार करणाऱ्या बाईंकडे नेलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर माडीवर त्यांची खोली होती. एक पलंग, भिंतीला टांगलेले रबरी पट्टे, कोपऱ्यात फुगवलेला मोठा चेंडू, आणि खालून सतत चाकांच्या आऱ्यांचा टणटण आवाज. बाई बोलायला गोड आणि हाताने जल्लाद. त्यांची एक पद्धत होती. दर खेपेला आधी विचारायच्या, "आज दुखणं दहापैकी किती?"

"चार."

पुढच्या खेपेला, "आज किती?"

"चार."

तिसऱ्या खेपेला तो पलंगावर चढताना दात-ओठ खात होता, तरी चारच म्हणाला. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, चार हा तुमचा आकडा आहे की तुमचा स्वभाव?"

पण त्यांनी दिलेलं सगळं त्याने मन लावून केलं. कामावर जसा दोरी लावल्याशिवाय फरशी ठेवत नसे, तसाच इथेही. उठल्यावर गरम पाण्याची पिशवी. मग सतरंजीवर उताणं पडून पट्ट्याने पाय वर ओढायचा, कुशीवर होऊन गुडघे उघडायचे-मिटायचे. भिंत आणि ढुंगण यांच्यात चेंडू धरून त्यावर घासायचं. तेव्हा तो अंग खाजवणाऱ्या म्हशीसारखा दिसतो, असं बायकोचं मत पडलं. रात्री गुडघ्यांमध्ये उशी. पळताना ढांग लहान, उतारावर चालत. आठवड्यातून दोनदा पळण्याऐवजी तलाव. पोहता येत नव्हतं, ते त्या वयात शिकला. गोळ्या अगदी असह्य झालं तरच, कारण त्या पोट जाळायच्या. कामावरही त्याने जोडीदाराला मोठ्या खोल्या द्यायला सुरुवात केली आणि स्वतः न्हाणीघरांच्या भिंती घेतल्या, उभ्याने करता येतात म्हणून.

आणि गुण आला. निदान तसं वाटलं. त्या हिवाळ्यात एक महिना असा गेला की तो आकड्याशिवाय मोजे घालत होता. एका रविवारी बापलेकीने तीस किलोमीटर मारले आणि परतताना तो शेवटच्या चढावर तिच्या पुढे गेला. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "गेलं. दुखणं गेलं." ती घरच्या शिलाई मशीनवर होती. तिने पायडलवरचा पाय न उचलता विचारलं, "कुठे गेलं? पत्ता देऊन गेलंय का?"

शर्यतीच्या दिवशी पाण्यावर धुकं होतं. पहिले पंचवीस बरे गेले. पुढे रस्ता धरणाच्या भिंतीवरून खाली उतरत होता, आणि त्या उतारावर त्याच्या जांघेत काहीतरी अडकलं. दार चौकटीत अडकावं तसं. पाय पुढे जाईना, मागे येईना. तो तिथेच कमरेवर हात देऊन उभा राहिला. मुलगी चार पावलं पुढे जाऊन थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. तू हो पुढे."

"मी थांबते."

"थांबून काय करणार? मला उचलून नेणार आहेस? जा म्हटलं ना."

ती जागची हलली नाही. मग तो जन्मात बोलला नव्हता अशा आवाजात तिच्यावर खेकसला, आणि ती गेली. तिची झुलणारी पाठ वळणाआड जाईपर्यंत तो उभा होता. मग कडेच्या दगडावर बसायला गेला तर बसता येईना. मास्तर मागून आले तेव्हा तो उभाच होता, दगडाला एका हाताने धरून, घामाने निथळत. मास्तरांनी स्वतःची शर्यत सोडली आणि गाडी बोलावली.

मुलीने शर्यत पूर्ण केली. येताना तीही लंगडत होती. "टाचेला फोड आलाय," ती म्हणाली, आणि बूट काढायला बाजूला गेली. त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष बापाकडे होतं.

हाडांच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. कुठे दुखतं म्हणून विचारल्यावर त्याने अंगठा पुढे आणि बोटं मागे असा हाताचा चिमटा करून खुबा धरला. त्यांनी मान डोलावली, जणू उत्तर आधीच ठाऊक होतं. फोटो काढून आणायला सांगितलं आणि मग तो उजेडाच्या काचेवर लावला.

"ही वाटी, हा गोळा. मांडीच्या हाडाचा गोळा या वाटीत पूर्ण बसायला हवा. तुमची वाटी उथळ आहे. गोळा अर्धा बाहेर. सगळा भार एवढ्याशा कडेवर येतो, म्हणून ती कड झिजली, मधली गादी संपली. दुसऱ्या बाजूला पण तेच, थोडं कमी. कंबर दुखते ती याचीच री ओढते."

"कामामुळे? का पळण्यामुळे?"

"त्यांनी लवकर झिजली असेल. पण वाटी जन्मापासून अशीच."

"मग आजवर कळलं कसं नाही?"

"तुम्ही झुलत चालता ना? कोणी बोललं नाही कधी?"

त्याला बदक हे नाव आठवलं.

पुढचं त्या सरळ बोलल्या. उकिडवं बसणं बंद, पळणं बंद. आज ना उद्या सांधा बदलावा लागेल. मग कागदावर काही लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला त्रास? आई, बहीण, मुलं? हे घराण्यात उतरतं, बायकांमध्ये जास्त. कोणी असेल तर वेळेत घेऊन या. तरुणपणी गादी शाबूत असली तर काहीतरी करता येतं."

"नाही," तो म्हणाला. "कोणी नाही."

बाहेर येऊन त्याने थोरल्या बहिणीला फोन लावला. आईला शेवटी काठी का लागली होती, एवढंच विचारलं.

"पडली होती ना ती," बहीण म्हणाली. "पण त्याआधीही ती झुलतच चालायची की. आपल्याला वाटायचं, ठसका आहे तिच्या चालीत. का रे?"

"सहज."

त्या संध्याकाळी मुलगी दुकानातून आली. पिशवी खुंटीला लावली, स्वयंपाकघरात गेली, पाणी घेऊन बाहेर आली, खिडकी लावायला पलीकडे गेली. खोली ती केवढीशी. तो खुर्चीत बसून तिच्या कमरेकडे बघत होता. एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला खाली. इतकी वर्षं ज्या गोष्टीने त्याची छाती फुगत होती, ती गोष्ट आता त्याच्या डोळ्यांसमोरून पाण्याचा पेला घेऊन चालली होती.

"काय म्हणाल्या डॉक्टर?" तिने विचारलं.

"झिजलंय म्हणाल्या. वय झालं."

त्याने सांगितलं नाही. का नाही, याला त्याच्याकडे तेव्हा कारणं होती. तिला काही होत नव्हतं, निदान ती तसं म्हणत नव्हती. सगळ्याच झुलणाऱ्यांची वाटी उथळ असते असं थोडंच आहे. आणि त्या पन्नासच्या शर्यतीत तिचा मुलींमध्ये तिसरा क्रमांक आला होता, तिला शंभर किलोमीटरच्या शर्यतीचं बोलावणं आलं होतं, आणि पोरगी हवेत होती. या दिवसांत तिला खाली ओढायचं त्याच्या जिवावर आलं. होऊन जाऊ दे एवढी शर्यत, मग सांगू, असं त्याने स्वतःला समजावलं. बायकोलाही तो काही बोलला नाही.

स्वतःला पळता येत नव्हतं म्हणून त्याने सायकल घेतली आणि पहाटे तिच्या मागे पाणी घेऊन जायला लागला. पुन्हा राखणदार. फरक एवढाच की आता तिची पाठ सतत समोर असायची. तो पाय मारायचा आणि बघायचा. दर पावलाला गोळा वाटीच्या कडेवर आदळत असेल. एका पावलाला एकदा. मोजायचं नाही असं ठरवूनही तो मोजायचा आणि आकडा हजारांत गेला की सोडून द्यायचा.

"आज एवढं पुरे," तो ओरडायचा.

"तुम्हाला काय झालं? तुम्ही तर चाकांवर आहात."

असे दोन महिने गेले, आणि त्या दोन महिन्यांत ती आयुष्यात पळाली नव्हती इतकी पळाली.

मग एका सकाळी तो दात घासत उभा असताना ती दाराशी मोजे घालत होती. एका पायावर उभी राहून घालायची तिची लहानपणापासूनची सवय. त्या दिवशी ती भिंतीला टेकली होती. मांडी वर उचलली, थांबली, श्वास रोखला, आणि हाताने पाय धरून वर ओढून घेतला. मग दुसऱ्या हाताने तिने खुबा धरला. अंगठा पुढे, बोटं मागे.

त्याने तोंडातली चूळ टाकली. "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"दुखायला."

"काही नाही हो, जरा आखडलंय."

"दहापैकी किती?"

तिने बुटाची नाडी बांधली, दोनदा गाठ मारली. "चार," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात दोघं डॉक्टरीणबाईंच्या समोर बसली होती. काचेवर तिचा फोटो लावला तेव्हा त्याला क्षणभर वाटलं, चुकून आपलाच लावलाय. बाईंनी बराच वेळ बघितलं. वाटी तशीच उथळ, दोन्ही बाजूंना. वाटीच्या कडेची मऊ किनार उजवीकडे फाटली होती. गादी अजून होती, पण त्या जागी पातळ झाली होती.

"पळणं आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "शस्त्रक्रिया करता येईल. वाटीच्या भोवतीचं हाड कापून ती फिरवायची, गोळ्यावर ओढून घ्यायची, स्क्रूने बसवायची. आधी उजवी. नंतर डावी. मोठं काम आहे. चालणं सुधारेल, सांधा काही वर्षं जास्त टिकेल."

"किती वर्षं?"

"ते मी सांगू शकत नाही."

"आणि पुन्हा पळणं?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं. "लांबचं नाही. त्याची आशा मी तुला देणार नाही." आणि मग, काही वाईट हेतू नसताना, त्या मिस्त्रीकडे वळून म्हणाल्या, "मी तुम्हाला तेव्हाच विचारलं होतं, घरात कोणी आहे का म्हणून."

मुलगी उठली. फाइल उचलली, नमस्कार केला, बाहेर आली. बसमध्ये दोघांना पुढे-मागे जागा मिळाली. दोन थांबे गेल्यावर ती मागे न वळता म्हणाली, "तेव्हाच म्हणजे कधी?"

त्याने सांगितलं.

"म्हणजे शंभरच्या सरावाआधी."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मागून सायकल चालवत होता."

"मला वाटलं, तुला काही नसेल. मला वाटलं, तुझी शर्यत—"

"माझी शर्यत," ती म्हणाली. पुढे तिचा थांबा येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. थांबा दोघांचा एकच होता, पण ती आधी उतरली आणि त्याच्यासाठी थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्या दोन महिन्यांनी किती बिघडलं, हे त्याला हवं होतं. काहीच नाही असं ऐकायला मिळालं असतं तर तो झोपला असता. सगळं त्यामुळेच असं ऐकलं असतं तरी निदान एक ठाम गोष्ट हाती आली असती. बाईंनी थोडा विचार केला आणि खरं ते सांगितलं, "किनार कधी फाटली, आधी की त्या महिन्यांत, हे कोणालाच सांगता येणार नाही." ते घेऊन तो घरी आला. ते अजून त्याच्याकडेच आहे.

बायकोला सगळं कळलं तेव्हा ती भांडेल असं दोघांनाही वाटलं होतं. ती भांडली नाही. मशीनवर पडदा तसाच अर्धा ठेवून ती खिडकीशी जाऊन बसली. तिथून म्हणाली, "मीच म्हटलं होतं, एकटीला पाठवायची नाही. तुम्ही गेला नसता तर पोरीचं पळणं शाळेबरोबर सुटलं असतं. चार मुलींसारखं."

"वाटी जन्मापासूनच तशी होती," तो म्हणाला.

"मग मी रागवू कोणावर? हाडावर?"

ती उठून मशीनवरचा अर्धा पडदा पुरा करायला बसली.

मुलीची शस्त्रक्रिया झाली. अनेक महिने ती कुबड्यांवर होती. घरात आधी त्याची कण्हणारी सकाळ होती, आता दोघांची झाली. सतरंजी एकच, म्हणून व्यायाम पाळीपाळीने. ती त्याच्याशी बोलत होती, पण कामापुरतं. मीठ द्या, दार लावा, माझी पिशवी तुमच्या बाजूला आहे का. मास्तर एकदा भेटायला आले. त्यांनी तिचं एक रेखाचित्र आणलं होतं, कालव्याच्या रस्त्यावरून पळतानाचं. चांगलं होतं. कंबर नेमकी पकडली होती. तिने बघितलं, छान आहे म्हणाली आणि पालथं करून ठेवलं. मास्तर चहा न घेता गेले, पुन्हा आले नाहीत. गटातले बाकीचे आधी फोन करायचे. मग फोनही थांबले. पळणाऱ्यांना न पळणाऱ्यांशी काय बोलावं ते सुचत नाही, यात त्यांचा दोष नव्हता.

मिस्त्रीचा सांधाही पुढे बदलला. खुबा दुखायचा थांबला, पण कंबर थांबली नाही. इतकी वर्षं वाकड्या भाराला टेकू देऊन ती स्वतःच वाकडी झाली होती, तिला सरळ करणारा कोणी भेटला नाही. व्यायामवाल्या बाईंनी हरतऱ्हेचे पट्टे ताणून बघितले आणि शेवटी म्हणाल्या, "आता जे आहे ते सांभाळायचं." उकिडवं बसायला कायमची मनाई. कामावरच्या जोडीदाराने त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. ओळखीच्या टाइलच्या दुकानात त्याला नमुने दाखवायच्या कामावर लावून दिलं. तिथे उंच स्टुलावर बसून तो गिऱ्हाइकांना चकचकीत आणि खरबरीत यांतला फरक सांगतो. आपल्या बोलण्यावर गिऱ्हाईक हसेल असं काही तो आता बोलत नाही. कधी एखादा जुना मजूर थापी घेऊन दुकानात येतो आणि "मिस्त्री, पुन्हा उकिडवे कधी बसताय" म्हणून थट्टा करतो, तेव्हा तो मान हलवतो आणि नमुन्यांच्या फळ्या नीट लावत राहतो.

मुलगी परत चष्म्याच्या दुकानात जाते. चालते आता बरी, झुलणं बरंच कमी झालंय. लोक म्हणतात, किती सुधारली. दिवसभर उभं राहून संध्याकाळी उजवा पाय सुजतो आणि आता डावी जांघ धरायला लागलीय. डाव्या बाजूची तारीख घ्यायची आहे. ती घेऊ म्हणते, घेत नाही. "एकदा त्यातून गेलेय," एवढंच म्हणते. आईने स्थळांचा विषय काढला तर उठून जाते. तिला एक प्रश्न पडलाय, तो तिने फक्त आत्याला फोनवर विचारला होता आणि मिस्त्रीने भिंतीपलीकडून ऐकला: आपल्याला मुलगी झाली तर तिची वाटी कशी असेल.

दोघांनाही अजून जुन्या वेळी, पहाटे जाग येते. तेव्हा पळायची वेळ व्हायची, आता नुसतीच वेळ होते. एके दिवशी तो स्वयंपाकघरात चहा टाकत असताना ती येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. बऱ्याच महिन्यांनी ती आपण होऊन त्याच्याजवळ आली होती. त्याने दुसरा कप काढला.

"बाबा, तुम्हाला पळाल्याची स्वप्नं पडतात?"

"पडतात कधीकधी."

"त्यात दुखतं?"

त्याने आठवून बघितलं. "नाही. स्वप्नात नाही दुखत."

तिने चहा घेतला, फुंकर मारली. "मला दुखतं," ती म्हणाली. "स्वप्नात पण."

तो तिच्या शेजारी उभा राहिला. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्याच्या मनात आलं, पण ती भार एका पायावर घेऊन उभी होती आणि त्याचा हात पडला असता तर तोल दुसऱ्या, दुखऱ्या पायावर गेला असता. चहा संपला. तिने दोन्ही कप विसळले आणि दुकानात जायची तयारी करायला ती आत गेली.